जावाच्या खेड्यात राहायला जाताय? घर, जमीन आणि जीव कसा सांभाळायचा

आपला गाळप हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो आणि उन्हाळा तापायच्या आत आटपतो. इंडोनेशियातल्या जावा बेटावरचा मे-जूनमध्ये पेटतो, पावसाळा लागेपर्यंत चालतो. त्यामुळे साखरेतल्या माणसाला तिकडचं बोलावणं आलं की माळशिरस, मोहोळ, पंढरपूरकडची पोरं मला फोन करतात. निवृत्तीच्या आधी मी पूर्व जावात केदिरीच्या बाजूला एका खेड्यात राहून काम केलंय, एवढीच माझी लायकी. पगार आणि व्हिसा ते एजंटाला विचारतात. मला विचारतात ते असं: सामान सुरक्षित राहील का, चार पैसे साठले तर तिथं जमीन घ्यावी का, आणि रात्री काही झालं तर हाक कुणाला मारायची?

शेवटचं आधी सांगतो. हाक पाक आरटींना मारायची.

आरटी म्हणजे काही घरांचा मिळून एक गट. असे गट मिळून आरडब्ल्यू, आणि त्याच्या वर गाव. आरटीचा प्रमुख, म्हणजेच पाक आरटी, हा तुमच्याआमच्यासारखाच कुणीतरी शेतकरी, मास्तर किंवा दुकानदार. गावच्या तोंडावर पाटी दिसेल, तिचा अर्थ असा की पाहुण्याने 24 तासांत कळवायचं. पाटी जुनी, रंग उडालेला, म्हणून सोडून देऊ नका. बॅग घरात टाकली की त्याच संध्याकाळी पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याच्या प्रती घेऊन त्यांच्याकडे जा. बरोबर खायचं काहीतरी न्या. माझ्याकडे शेंगाचटणी होती. पेचेल नावाची शेंगदाण्याची पातळ चटणी ते लोक भाज्यांवर घालून रोजच खातात, त्यामुळे ओळख करून द्यायला मला फार बोलावं लागलं नाही. पुढे सोलापुरातून कुणी भेटायला आलं तरी दर वेळी कळवायचं. सगळे कायदेशीर कागद वेगळे करावे लागतात ते करा, पण गावाच्या लेखी तुम्ही तिथं राहायला आलात ते या भेटीपासून.

नंतर रोंडा, म्हणजे रात्रीची गस्त. प्रत्येक घरातून एका पुरुषाची पाळी असते. चौकीवर लाकडाचा किंवा बांबूचा पोकळ ठोकळा टांगलेला असतो, त्याला कंतोंगान म्हणतात. त्याचे ठोके गावागणिक वेगळे, म्हणून आपल्या गावचे विचारून घ्या. न थांबता भराभर ठोके पडले, त्याला तितिर म्हणतात, की संकट आहे असं समजायचं. काही गावांत घरोघरी दाराशी छोटा डबा अडकवलेला असतो. गस्तवाले त्यातले मूठभर तांदूळ किंवा नाणी गोळा करतात आणि तो पैसा गावाच्या कामाला लागतो. परदेशी म्हणून तुम्हाला पाळी माफ करतील. माफी घेऊ नका. पैसे भरून सुटका होते, पण मग तुमचा चेहरा रात्री कुणी ओळखत नाही, आणि कुणाच्या घरी कोण येतं-जातं ते तुम्हालाही कळत नाही. मी जायचो. रात्रभर गोड कॉफी, पत्ते आणि लवंगेच्या सिगारेटींचा धूर. मी ओढत नाही, तरी कपड्यांना वास यायचाच.

एक गोष्ट मात्र जपून. चोर आला असं नुसत्या संशयावर ओरडू नका. "मालिंग" हा शब्द अंधारात ओरडला की क्षणात गाव जमतं, आणि पकडलेल्याला पोलिसांच्या हाती लागेपर्यंत मार बसतो, कधी जीव जाईपर्यंत. आपल्याला हे परक्याचं सांगायला नको. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना मारलं, आणि त्यांतले बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे होते. तिथं अनोळखी भाषा बोलणारे तुम्ही असणार आहात. म्हणून संशय आला तर पाक आरटी, नाहीतर गावाला नेमलेला पोलीस. दोघांचे नंबर फोनमध्ये हवेतच. पोलिसांचा 110, आग लागली तर 113, रुग्णवाहिकेला 118 किंवा 119. पण खेड्यात गाडी पोहोचायला वेळ लागतो, तोवर शेजारीच धावतात.

शेजार जोडायला तीन जागा आहेत: रविवारचं सामूहिक सफाईचं काम, मयत आणि स्लामेतान. स्लामेतान म्हणजे बारसं, घरभरणी, वर्षश्राद्ध अशा कुठल्याही निमित्ताने शेजारच्या पुरुषांना बोलावून केलेली प्रार्थना आणि जेवण; खाणं डब्यात घालून घरी नेतात. तुम्ही घर लावल्यावर एक साधं करा. शाकाहारी असाल तर सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, कोळंबीचा लगदा (तेरासी) असतो एवढं लक्षात ठेवा. बायको बरोबर असेल तर तिला अरिसानला, म्हणजे आपल्या भिशीला, जाऊ द्या. गावातली खरी बातमी तिथून येते, पुरुषांच्या गस्तीतून नाही.

आता जमीन. इथे जरा थांबा.

परदेशी माणसाला इंडोनेशियात पूर्ण मालकीची जमीन मिळत नाही. 1960 च्या जमीन कायद्यात हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त त्यांच्या नागरिकांसाठी ठेवली आहे. तरी कुणीतरी तुम्हाला सांगेलच, "जमीन माझ्या मेव्हण्याच्या नावावर घेऊ, आतून करार तुमच्या नावाचा." आपल्याकडे बेनामी व्यवहार कसे बुडतात ते ज्याला माहीत आहे त्याने हे ऐकूनच उठावं. त्या कायद्याच्या 26 व्या कलमाप्रमाणे असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. आतला करार कितीही शिक्क्यांचा असो. कायद्याने चालतं ते हाक पाकाई, म्हणजे मुदतीचा वापरहक्क, किंवा साधं भाडं. हंगामापुरत्या माणसाला भाडंच बरं. खेड्यात भाडं बहुधा वर्षाचं एकदम आगाऊ घेतात. पावती तिथल्या चलनातल्या 10,000 रुपियाच्या मुद्रांकावर घ्या, त्यावर घरमालकाची सही मुद्रांकाला छेदून हवी, आणि साक्षीला पाक आरटी. छप्पर कोण दुरुस्त करणार, विहिरीचा पंप कुणाचा, हे त्याच कागदावर लिहून घ्या.

ज्यांचं तिथं लग्न झालंय त्यांच्यासाठी एवढंच: संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार केल्याशिवाय नवऱ्या-बायकोपैकी जो तिथला नागरिक आहे त्यालाही जमीन घेताना अडचण येते. तिथल्या घटना न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर हा करार लग्नानंतरही करता येतो. नोटरीकडे जाऊन करा, सासऱ्याच्या शब्दावर राहू नका. आणि कुणी जमिनीचा कागद म्हणून गिरिक किंवा लेटर सी दाखवला तर तो जुन्या कराची नोंद आहे एवढंच समजा. आपला सातबारा तरी कुठे मालकीचा अंतिम पुरावा असतो! प्रमाणपत्र हवं ते जमीन कार्यालयाचं, आणि खरेदीखत पीपीएटी, म्हणजे जमिनीची खतं करणाऱ्या, अधिकाऱ्यासमोर.

चोरी होते ती मुख्यतः मोटारसायकलची. गाडी रात्री घराच्या आत घ्या. तिकडे बैठकीच्या खोलीत गाडी उभी असते, त्यात कुणाला नवल वाटत नाही. चाकाला दुसरं कुलूप लावा. गाडीचे कागद दोन: एसटीएनके, म्हणजे नोंदणीचा कागद, जवळ बाळगायचा, आणि मालकीची वही म्हणजे बीपीकेबी घरात कुलपात ठेवायची. ही वही गहाण टाकून कर्ज मिळतं, म्हणून ती गाडीइतकीच मोलाची. बीपीकेबीशिवाय स्वस्तात मिळणारी गाडी घेऊ नका, कारखान्यातल्या माणसाने दिली तरी.

जिवाचं म्हणाल तर चोरापेक्षा भातखाचरांची भीती जास्त. उंदरांसाठी काही शेतकरी बांधाच्या कडेने उघडी वीजतार ओढतात आणि रात्री चालू करतात. त्याने दरवर्षी माणसं मरतात, कधी तार लावणारा स्वतःच. आपल्याकडे रानडुकरांसाठी तार सोडतात तोच प्रकार, फक्त तिथं शेतात पाणी उभं असतं. अंधारात खाचराच्या बांधावरून आडवाट करू नका. लांब पडलं तरी रस्त्याने या, आणि बॅटरी बरोबर ठेवा. सापही त्याच वाटेवर. जावात थुंकणारा नाग, मण्यार आणि झाडावरचा हिरवा विषारी साप असतो. तिथं मिळणारं प्रतिविष सगळ्या सापांवर चालत नाही, त्यात हिरव्याचं येत नाही. आपली लस तिकडे चालेल या भरवशावर तर राहूच नका. दंश झालेला अवयव हलवू नका आणि तडक मोठ्या रुग्णालयात जा.

भूकंपाची धास्ती आपल्या भागाला किल्लारीपासून आहेच. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे दगडमातीच्या भिंतींनी माणसं मारली. जावात 27 मे 2006 ला योग्याकार्ताजवळ साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली, तीही पहाटेच, आणि तिथं बऱ्याच ठिकाणी लोखंडी बांधणी नसलेल्या विटांच्या भिंती पडल्या. भाड्याचं घर बघताना म्हणूनच रंग बघू नका. कोपऱ्यात काँक्रीटचे खांब आहेत का, भिंतीवरून पट्टा फिरवलाय का ते बघा. जुनं लाकडी सांगाड्याचं घर दिसलं तर नाक मुरडू नका, ते हलतं पण टिकतं.

केलुद ज्वालामुखी केदिरीच्या उशाशीच आहे. इशाऱ्याच्या चार पातळ्या: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. 13 फेब्रुवारी 2014 च्या रात्री आवास जाहीर झालं आणि दोन तासांच्या आत डोंगर फुटला. म्हणून सियागा ऐकलं की कागदपत्रं, औषधं, मास्क आणि गाडीत पेट्रोल तयार ठेवा. आवासला घर सोडा, सामानाला हात लावू नका. परत आल्यावर कौलांवरची राख कोरडी असतानाच उतरवा. पाऊस पडून ती भिजली की वजन वाढतं आणि छप्पर बसतं. पण कौलांवर स्वतः चढू नका, गावात त्याचे जाणकार असतात.

निघायच्या वेळी गाडी विकली तर नाव बदलून द्या, नाहीतर पुढच्या मालकाचे दंड तुमच्या नावावर निघतात. घरमालकाला प्रीपेड वीजमीटरचा क्रमांक लिहून द्या. बायकोची अरिसानची पाळी आधीच येऊन गेली असेल तर उरलेले हप्ते भरूनच विमानात बसा. पाक आरटींना जाऊन सांगून या. केदिरीकडे आपला पुढचा माणूस गेला की त्याला घर देताना ते आधी तुमच्याबद्दल विचारतील.