जुन्या घराचं ऑफिस करताय? या चुका टाळा

जुन्या दगड-विटांच्या घरात ऑफिस थाटायचं ठरलं की पहिली बैठक इंटेरियरवाल्याबरोबर होते. केबिन किती, रंग कुठला, पॅन्ट्री कुठे. घोळ इथूनच सुरू होतो, कारण त्या घरात पाणी कुठून शिरतंय आणि कुठे मुरतंय हे तोवर कुणी पाहिलेलंच नसतं.

सगळ्यात महागात पडते ती ओल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवण्याची चूक. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळी 1824 सालचं. त्याआधीची, आणि नंतरचीही बरीच घरं चुन्यात बांधलेली आहेत. चुन्याची भिंत ओलावा घेते आणि सोडूनही देते. सिमेंट लावून वर प्लॅस्टिक पेंट मारला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती आणखी वर चढते, क्षार फुलतात, पोपडे सुटतात. कंत्राटदार म्हणणार, वॉटरप्रूफिंगचा अजून एक हात मारू. मारू देऊ नका.

आधी ओल कुठली ते ओळखा. जमिनीतून चढलेली ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत असते आणि तिच्या वरच्या कडेला डागांची वेडीवाकडी रेघ दिसते. छताजवळचा डाग बहुधा तुंबलेल्या पन्हळीचा किंवा सरकलेल्या कौलाचा. तरीही कळेना, तर दोन फूट प्लॅस्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतल्या दमट हवेची. दुसऱ्या प्रकारात गिलावा फोडण्यात काहीच अर्थ नाही, हवा खेळती करा.

कारण दूर केल्यावरही भिंत लगेच वाळत नाही. जाडीच्या दर 25 मिलिमीटरला एक महिना, असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्ष! उद्घाटनाची तारीख आधी ठरवलेल्यांना हे पटत नाही. निदान तेवढा काळ त्या भिंतीला लॅमिनेट, वॉलपेपर किंवा पाठ टेकलेलं कपाट नको. एसीच्या पाण्याचा पाइपही बाहेरच्या भिंतीवर ठिबकत सोडू नका. ही नवी ओल आपणच आणलेली असते.

दुसरी मोठी चूक वजनाची. राहत्या घराची जमीन साधारण चौरस मीटरला 150 ते 200 किलो धरून केलेली असते. खूप जुन्या घरात तर तेवढाही हिशोब कुणी केलेला नसतो. आता कागदांचं वजन बघा. ए-फोरचं 500 पानांचं एक रीम अडीच किलोचं. मीटरभर फळीवर अशी वीसेक उभी मावतात, म्हणजे पन्नास किलो. पाच फळ्यांचं रॅक भरलं की अडीचशे किलो झाले, तेही जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. फायली आणि यूपीएसच्या बॅटऱ्या तळमजल्यावर ठेवा. वरच्या मजल्याच्या तुळया भिंतीत जिथे शिरतात तिथे पेचकस टोचून पाहा. तो लोण्यासारखा आत गेला तर रंगकाम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. फॉल्स सीलिंग त्याआधी तर अजिबात नको, सडलेलं लाकूड त्याच्या आड आरामात लपतं.

वायरिंगसाठी जुन्या भिंतीत आडव्या झिऱ्या मारू नका. केसिंग-कॅपिंग (भिंतीवर बसवायची, झाकणाची प्लॅस्टिकची पट्टी) किंवा उघडे पाइप चालतात, आणि ते उद्या काढताही येतात. जाड दगडी भिंतीतून वायफाय नीट पोचत नाही, तेव्हा खोलीगणिक केबलची सोय आत्ताच करून ठेवा.

घर वारसा यादीत असेल तर साधी खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते. निवासी जागेत ऑफिस चालवायची परवानगी वेगळी. आग लागल्यावर बाहेर पडायचा दुसरा रस्ता आणि व्हीलचेअरसाठी उतार, या दोन गोष्टी नकाशावर असतानाच बसवा. चौथऱ्याच्या कोरीव पायऱ्या फोडून उतार करण्यापेक्षा मागच्या दाराला सुटा, काढता येणारा केलेला बरा.

राहिली विटांच्या दर्शनी भिंतीची हौस. ती सँडब्लास्टिंगने, म्हणजे जोरात वाळूचा मारा करून, साफ करू नका. भट्टीत भाजताना विटेवर तयार झालेला कडक थर त्यात निघून जातो आणि आतली मऊ वीट पाणी प्यायला लागते. मऊ ब्रश आणि पाणी, तेही बेताने.