स्पर्धेला घोडा न्यायचा असेल तर: माझी तयारीची यादी

यादीतलं पहिलं काम वही-पेनाचं आहे. शो जम्पिंगच्या, म्हणजे घोड्यावरून ओळीनं अडथळे उडी मारून पार करायच्या स्पर्धेला दोन आठवडे असतानाच एका कागदावर लिहून ठेवा, घोड्यात काय दिसलं तर आपण नाव मागे घेणार. माझ्या कागदावर तीन ओळी असतात: पायाला ऊब किंवा सूज, चंदी (दाणा) तशीच उरलेली, दुडकीत मान हलणं. खाली सही करते आणि कागद आमच्या घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दार काकांकडे देते. यातलं एक जरी त्यांना दिसलं आणि ते ‘नको’ म्हणाले, तर त्या दिवशी उडी नाही. मग एन्ट्रीचे पैसे भरलेले असोत, घरचे ठाण्याहून बघायला आलेले असोत, कोच काहीही म्हणोत. हे आधीच लिहायचं, कारण स्पर्धेच्या सकाळी आपलं मन आपल्याला हवं तेच सांगतं, आणि घोड्याला नाव मागे घेता येत नाही.

हा कागद मी एका चुकीनंतर लिहायला लागले. कस्तुरी नावाची घोडी होती माझ्याकडे, रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड, उडीला कधी नाही न म्हणणारी. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी काकांनी तिच्या डाव्या पुढच्या पायावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि म्हणाले, “ताई, हा पाय ऊन लागतोय.” मी हात लावला. लागत होता, गुडघ्याखाली मागच्या बाजूला, जिथे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, दोरीसारखं हाताला येतं तिथे. मी बर्फ लावला, पट्टी बांधली. सकाळी पाय गार वाटला आणि मी निघाले. पाचव्या अडथळ्यावरून उतरल्यावर तिची लय मोडली. बघणाऱ्याला काही कळलंही नसेल, एक टाप हुकल्यासारखी वाटली इतकंच. तरी मी सहावा अडथळा घेतला. सोनोग्राफीत टेंडनचे तंतू फाटलेले दिसले. आठ महिने ती उडी सोडाच, धावलीसुद्धा नाही. त्या सहाव्या अडथळ्यालाही तिनं नकार दिला नव्हता, हे मला आजही बोचतं.

म्हणून पाय तपासणं हे रोजचं काम, आणि ते स्वतःच्या हातानं. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, टेंडन, लिगामेंट आणि वर कातडी. उडी संपताना साधारण पाचशे किलोचं शरीर आणि वर तुम्ही, हे सगळं आधी एका पुढच्या पायावर येतं. पहाटे, काम सुरू व्हायच्या आधी, पट्ट्या काढून थोडा वेळ गेल्यावर दोन्ही पायांवर एकाच उंचीवर दोन हात ठेवा. पाय किती गरम आहे यापेक्षा डाव्या-उजव्यात फरक आहे का ते बघा. दुपारी उन्हात उभ्या असलेल्या घोड्याचे पाय चाचपून काही कळत नाही. हात डोळे मिटून फिरवायचा, हे मला काकांनी शिकवलं, आणि खरंच बोटांना जास्त कळतं. मग कुणाला तरी घोडा कडक जमिनीवर सरळ दुडक्या चालीनं पळवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर उचललं जातं, बरा पाय टेकताना खाली येतं. ‘गरम झाला की मोकळा होईल’ हे वाक्य तबेल्यात रोज कानावर पडतं. कधीकधी तो मोकळा होतोही, आणि घोडं पेंड खातं ते इथंच: गरम झाल्यावर दुखणं दबतं, इजा तिथेच असते.

खुरांचं काम आधी आखून घ्या. नाल पाच-सहा आठवड्यांनी बदलावी लागते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नालबंद बोलावू नका, आठवडाभर आधी बोलवा, म्हणजे एखादा खिळा टोचला असेल तर तो वेळेत कळेल. पावसाळ्यात तबेल्याची जमीन सतत ओली राहते, तेव्हा खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग सडायला लागतो. वासावरूनच कळतं. रोज खूर साफ करायला पाच मिनिटं लागतात.

याच दोन आठवड्यांत आपल्या घोड्याचे आकडे पाठ करा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16, अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. ही ढोबळ चौकट झाली. तुमच्या घोड्याचा रोजचा आकडा तिच्यात कुठे बसतो ते माहीत असेल, तरच बिघडलेला दिवस ओळखता येतो. लीद किती वेळा टाकली, चंदी किती वेळात संपवली, पाणी किती प्यायला, हे मोतद्दाराला विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात काही बिनसलं तर थेट पोटशूळ होतो आणि त्यात घोडे दगावतात. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, रिकाम्या पोटी धावताना ते वर उसळतं आणि जठराला अल्सर होतात. म्हणून कामाच्या आधी थोडं गवत द्यावं. ‘उपाशी घोडा हलका उडतो’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मुंबईत मला सगळ्यात जास्त धास्ती असते ती हवेची. घोड्याच्या शरीरातली उष्णता मुख्यतः घाम वाळून बाहेर जाते, आणि आपल्या हवेत घाम वाळतच नाही. घोडेवाल्यांचा एक ठोकताळा आहे: तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं आणि त्यात आर्द्रतेचा टक्का मिळवायचा. बेरीज 150 च्या वर गेली की सावध, 180 च्या वर गेली की काम बंद. महालक्ष्मी रेसकोर्सवर ऑक्टोबरात सकाळी 32 अंश सेल्सिअस असेल तर ते झाले 90 फॅरनहाइट, आर्द्रता 75 धरा, बेरीज 165. हाजी अलीकडून वारा येत असतो, म्हणून वर बसलेल्याला ते जाणवतही नाही. खाली घोड्याला जाणवत असतं. दमट हवेत राहणाऱ्या काही घोड्यांना तर घाम येणंच कमी होतं किंवा थांबतं. कामानंतर कातडी कोरडी, नाकपुड्या फुललेल्या आणि अर्ध्या तासानंतरही भाता चालूच, असं दिसलं तर त्याला आळशी किंवा बेफिट म्हणू नका. पशुवैद्यांना दाखवा आणि थंडी पडेपर्यंत स्पर्धेचं नाव काढू नका. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही. जे काही करायचं ते त्या दोन नाकपुड्यांतून.

पावसाळ्यात मैदान चिखलाचं असतं, काम कमी होतं आणि दम तुटतो. तो परत भरायला निदान सहा ते आठ आठवडे द्या: आधी नुसतं चालणं, मग दुडकी, मग कॅन्टर (संथ दौड), उड्या सगळ्यात शेवटी. दसऱ्याला सुरुवात करून दिवाळीला स्पर्धा, असं करू नका.

गार पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तबेल्यातली जुनी समजूत अजून जात नाही. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की तो आखडतो, त्याला पाणी पाजलं की पोट धरतो, असं मीही वर्षानुवर्षं ऐकलं आणि पाळलं. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीत यावर भरपूर संशोधन झालं आणि उलटंच दिसलं. मान, छाती, पाठ, पोट, मांड्या, सगळीकडे गार पाणी ओतत राहायचं, थांबायचं नाही, आणि प्यायलाही द्यायचं. आम्ही दोन मोठे ड्रम आणि बर्फाच्या लाद्या मैदानाशेजारी ठेवतो. घोड्याच्या घामात आपल्या घामापेक्षा मीठ खूप जास्त असतं, त्यामुळे इलेक्ट्रोलाइट द्यावे लागतात. पण शेजारी भरलेली बादली असेल तरच. स्पर्धेच्या गावचं पाणी काही घोडे चव वेगळी लागते म्हणून तोंडाला लावत नाहीत. घरून एक-दोन कॅन पाणी नेलेलं बरं.

कागदपत्रं आणि लसींचं थोडक्यात. धनुर्वाताची आणि इन्फ्लुएन्झाची लस वेळेवर हवी, पण स्पर्धेच्या तोंडावर नाही. ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल आधीच काढून ठेवा. हा आजार माणसालाही होतो. दर वर्षी घोड्याचे दात कानशीनं घासून घ्या, टोकदार दात गालाला लागत असेल तर घोडा लगामाशी झगडतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. औषधांच्या बाबतीत मात्र बारीक लक्ष द्या. 2008 च्या ऑलिम्पिकमध्ये, ज्याचे घोड्यांचे सामने हाँगकाँगला झाले, काही जम्पिंग घोड्यांच्या नमुन्यात कॅप्सेसिन सापडलं आणि नॉर्वेचं सांघिक ब्राँझ गेलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणा. ते वेदनाशामक मलमांत असतं, आणि पायाला चोळलं तर कातडी इतकी हुळहुळी होते की घोडा अडथळ्याच्या दांड्याला पाय लागू देत नाही. तबेल्यातल्या प्रत्येक मलमाच्या, मालिशच्या तेलाच्या बाटलीवरचं लेबल वाचा. ज्यावर लेबल नाही ते लावू नका. दुखणं लपवणारं इंजेक्शन देऊन उडवणं तर नियमानं गुन्हा आहेच. नियम नसता तरी मी ते केलं नसतं.

सामानात नवं काही स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. खोगीर काढल्यावर पाठीवरच्या घामाचा डाग बघा. भोवती सगळं ओलं आणि खांद्यामागे एखादा तुकडा कोरडा असेल तर तिथे दाब पडतोय. नाकपट्टीखाली, नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बाजूला, गालाशी बोटं घालून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. आणि तुमचं हेल्मेट एकदा पडताना आपटलं असेल तर नवीन घ्या.

पुण्याला किंवा आणखी लांब जायचं असेल तर गाडी पहाटे तीनला काढा. सायन-पनवेल रस्त्यावरचा खोळंबा आणि वर ऊन, दोन्ही टळतं. घाटात ड्रायव्हरनं वळणं हळू घ्यावीत हे निघण्याआधीच सांगा, कारण आत घोडा प्रत्येक वळणाला चार पायांवर तोल सावरत उभा असतो. दोरी इतकी आखूड बांधू नका की मान खाली जाणार नाही. तासन्‌तास डोकं वर राहिलं तर श्वासनलिकेतली धूळ आणि कफ बाहेर पडत नाही आणि दोन दिवसांनी ताप येतो. शक्य असेल तर एक दिवस आधी पोचा.

कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, आधी पायी चालायला मिळतो तेव्हा घोड्याच्या डोळ्यानं चाला. त्याला आजूबाजूचं जवळपास सगळं दिसतं, पण नाकासमोर अगदी जवळचं दिसत नाही. उडी घेण्याच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेतून गेलेला असतो. तो लांबूनच बघून मनात धरतो, आणि त्यासाठी त्याला मान मोकळी लागते. निळा आणि पिवळा रंग त्याला ओळखू येतो, लाल-हिरव्यात फरक कळत नाही. वाळूवर पडलेली झाडाची काळी सावली आणि त्यातला फिका दांडा त्याला कसा दिसत असेल, ते उभं राहून बघा. दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजा. कॅन्टरची एक झेप साधारण साडेतीन मीटरची. तुमच्या घोड्याची त्याहून आखूड असेल तर कुठे जोर लावावा लागेल ते आत जायच्या आधी ठरवा. आत गेल्यावर तुम्ही अंतर चुकवलंत तर दांडा त्याच्या पायाला लागतो.

सरावाच्या मैदानात आठ-दहा उड्या पुरे. अडथळ्याचा लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे, त्याच दिशेनं. समोरचा स्पर्धक मोठा दांडा लावतोय म्हणून आपण लावायचा नाही. चाबूक डोक्यावर कधीच नाही, रागात नाही, शेवटच्या उडीनंतर किंवा बाद झाल्यावर तर अजिबात नाही. आणि घोडा थांबला तर आधी स्वतःला विचारा: अंतर चुकलं? मान धरून ठेवली? सावली? पाय?

टोकियो ऑलिम्पिक 2021 मध्ये झालं तेव्हा महिलांच्या मॉडर्न पेंटॅथलॉनमधला (पाच खेळांची एकत्र स्पर्धा, त्यातला एक घोडेस्वारी) एक प्रसंग मी इथे तबेल्यातल्या मुलांबरोबर मोबाइलवर पाहिला. त्या खेळात घोडा चिठ्ठीनं मिळायचा, ओळख करून घ्यायला वीस मिनिटं. सेंट बॉय नावाचा घोडा एका स्पर्धकाला आधीच नकार देऊन बसला होता. मग आघाडीवर असलेली जर्मन खेळाडू त्याच्यावर बसली. ती रडत होती, चाबूक मारत होती, तो मागे सरत होता. तिच्या प्रशिक्षिकेनं कुंपणापलीकडून त्याला बुक्की मारली आणि त्या प्रशिक्षिकेला उरलेल्या ऑलिम्पिकमधून काढण्यात आलं. पुढे 2024 च्या पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच वगळली. मुलं बराच वेळ गप्प होती. मग एका मुलीनं विचारलं, “ताई, त्याला आधीच नको होतं ना?” हो, त्याला आधीच नको होतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

फेरी संपली की लगेच उतरा. पोटाचा पट्टा सैल करा, सावलीत चालवा, पाणी ओता, दहा मिनिटांनी नाडी मोजा. बक्षिसाचा फोटो नंतर काढता येतो. पायांना लावलेले बूट काढा आणि पुन्हा दोन हात, एकाच उंचीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तबेल्यात या, कितीही दमला असाल तरी. सूज बहुतेक वेळा रात्रीतून वर येते. घोडा कडक जमिनीवर सरळ पळवून बघा, चंदीची बादली बघा, काकांना विचारा रात्री तो आडवा झाला होता का. मग तोच कागद त्यांच्याकडून घेऊन मागच्या बाजूला तारीख आणि चारही पायांची नोंद लिहा, आणि परत त्यांच्याकडे द्या.