वेगवेगळ्या प्राण्यांच्या ॲमेलोजेनिनची तुलना करताना या चुका टाळा

दातावर इनॅमल (बाहेरचं कठीण आवरण) तयार होत असताना तिथल्या प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के ॲमेलोजेनिन असतं. त्याची दोन्ही टोकं सस्तन प्राण्यांत फारशी बदललेली नाहीत, मधला पट्टा मात्र भरपूर बदललाय. त्यामुळे अख्ख्या प्रथिनाची एकच सरासरी काढलीत तर ती ना टोकांना लागू पडते, ना मधल्या भागाला.

सगळ्यात जास्त घोळ ॲमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनाच्या घटकांच्या, क्रमांकांचा. माणसात इनॅमलचा आनुवंशिक दोष घडवणारा एक बदल (प्रोलीनच्या जागी थ्रिओनीन) कुठे ४०, कुठे ५६, तर कुठे ७० क्रमांकाला नोंदलेला सापडतो. बदल एकच आहे. ४० हा तयार प्रथिनातला क्रमांक. १६ ॲमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड (प्रथिन तयार होताना छाटला जाणारा सुरुवातीचा तुकडा) धरला की ५६. एरवी बहुधा गळणारा चौथा एक्झॉनही (एक्झॉन म्हणजे जनुकाचा प्रथिनासाठी वापरला जाणारा तुकडा) धरला की आणखी १४, म्हणजे ७०. पण सरसकट ३० मिळवू नका. तयार प्रथिनातला १६ वा सेरीन चौथ्या एक्झॉनच्या आधी येतो, तो सिग्नल पेप्टाइड धरून, चौथा एक्झॉन घेतला काय किंवा न घेतला काय, ३२ वरच राहतो. क्रमांकांच्या कोष्टकात आधी हाच सेरीन तपासून बघा.

माणसात हे जनुक एक्स आणि वाय दोन्ही गुणसूत्रांवर आहे, उंदरात फक्त एक्सवर. नुसतं 'ॲमेलोजेनिन' नाव बघून क्रम उतरवले तर एका प्राण्याचा एक्स आणि दुसऱ्याचा वाय शेजारी बसतो, आणि नसलेले फरक दिसू लागतात.

एखादा एक्झॉन सापडला नाही म्हणून तो नष्ट झाला असं लगेच लिहू नका. चौथा जेमतेम ४२ बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), पाचवा ४५ चा. ब्लास्टच्या (डीएनए किंवा प्रथिनांचे मिळतेजुळते क्रम शोधणारं साधन) नेहमीच्या सेटिंगला असे तुकडे निसटतात. शब्दलांबी (शोध सुरू व्हायला सलग जुळावी लागणारी अक्षरं) ७ ठेवून पुन्हा शोधा. सहाव्या एक्झॉनची अडचण उलटी आहे: प्रोलीन-ग्लुटामीनची पुनरावृत्ती बघून फिल्टर तो झाकून टाकतो. शोधताना फिल्टर बंद ठेवा. अलाइनमेंट (क्रम एकाखाली एक जुळवून लावणं) झाल्यावर मात्र पुनरावृत्तीचा पट्टा मोजणीतून वगळा, कारण तिथे कोणतं अक्षर कोणाचं जोडीदार हे खात्रीने ठरत नाही.

खवलेमांजर, बलीन देवमासे यांच्या इनॅमल-जनुकांत मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) किंवा फ्रेमशिफ्ट (अक्षर कमी-जास्त होऊन पुढचं वाचन सरकणं) दिसला तर तो सिक्वेन्सिंगचा दोष समजून 'दुरुस्त' करू नका. मूळ रीड्स (सिक्वेन्सिंगमधून आलेले कच्चे तुकडे) उघडा, जवळच्या जातीत तोच बदल आहे का पाहा. असेल तर जनुक खरोखर निकामी झालंय. अशा प्राण्यांच्या शाखा, प्रथिन किती न बदलता टिकलंय याच्या सरासरीत घेऊ नका, आणि अलाइनमेंटसाठी फ्रेमशिफ्ट झेपणारं मॅक्ससारखं (MACSE) साधन वापरा.