अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी केअर सेंटर कसं पारखावं

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की बाळंतपणाचं किंवा लहानसहान ऑपरेशनचं खासगी हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. हा लेख त्याबद्दल नाही. पक्षाघात, खुब्याचं मोडलेलं हाड, पार्किन्सन, डिमेन्शिया अशा कारणांनी ज्यांचं सगळं दुसऱ्याच्या हातानं करावं लागतं, त्या वडीलधाऱ्यांना महिनोन् महिने ठेवून घेणाऱ्या जागांबद्दल आहे. पाटीवर कुठे ‘केअर सेंटर’ असतं, कुठे ‘शुश्रूषा केंद्र’, कुठे नुसतं ‘वृद्धाश्रम’. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या संकेतस्थळावर अशा नर्सिंग होमना एक ते पाच तारे दिलेले असतात, २००८ पासून. आपल्याकडे पारख आपल्यालाच करावी लागते.

सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली तेव्हा आम्ही पहिली जागा निवडली ती बाग, मोठ्या खिडक्या आणि गोड बोलणारा मॅनेजर बघून. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा पायमोजा काढला तेव्हा टाचेला रुपयाएवढी जखम होती. ती भरायला चार महिने लागले. त्यानंतर दुसरी जागा शोधताना जे शिकलो ते इथे क्रमानं लिहिते.

१. आधी घरी बसून एक कागद करा

आपल्या माणसाला नेमकं काय लागतं ते लिहा. स्वतःहून कूस बदलता येते का, गिळताना ठसका लागतो का, नाकातून नळी आहे का, लघवीची पिशवी आहे का, इन्सुलिन लागतं का, रात्री उठून भटकतात का. डिस्चार्ज समरीची प्रत सोबत ठेवा. ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय त्यांना विचारायला विसरू नका. बोलता येत नसलं तरी कळत असतं. सासूबाईंना खिडकीजवळची खाट हवी होती, एवढं त्यांनी उजव्या हातानं दाखवलं होतं.

२. फोनवर चारच प्रश्न

दिवसा किती रुग्ण आणि किती माणसं? रात्री किती? नर्स शिकलेल्या आहेत का, आणि रात्री त्यांच्यापैकी एक तरी हजर असते का? डॉक्टर किती दिवसांनी येतात?

इथे शब्दांचा घोळ होतो. पांढरे कपडे घातलेल्या प्रत्येकीला ‘सिस्टर’ म्हणतात. खरी नर्स म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग यांपैकी एखादा अभ्यासक्रम झालेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली. डायपर बदलणाऱ्या, भरवणाऱ्या मावशी आणि मामा वेगळे. दोघांचीही गरज असते, पण इन्सुलिन देणं, नाकातून नळी घालणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं ही मावशींची कामं नव्हेत. ती कोण करतं, हे स्पष्ट विचारा.

३. जायची वेळ नीट निवडा

पहिली भेट ठरवून घ्या, दुसरी न सांगता. सकाळी अकराला सगळीकडेच फरशी पुसलेली असते. जेवणाच्या वेळी जा. पाळी बदलते तेव्हा, म्हणजे बऱ्याच ठिकाणी सकाळी किंवा संध्याकाळी आठच्या सुमारास जा. रविवारी जा. ‘भेटीची वेळ नाही’ म्हणून आत सोडत नसतील, तर रुग्णाच्या नातेवाइकांनाही असंच अडवतात का ते विचारा. जिथे घरच्यांना ठरावीक तासभरच प्रवेश आहे, ती जागा मी तरी निवडणार नाही.

आणखी एक विचारा: गणपतीत आणि दिवाळीत कोण असतं? मावश्या-मामा बहुतेक बाहेरगावचे असतात, सणाला घरी जातात, आणि ते जायलाच हवेत. बदली माणसं कुठून येणार हे ज्याला लगेच सांगता येतं, त्यानं त्याचा विचार केलेला असतो.

४. आत गेल्यावर इमारत सोडा, माणसं बघा

आधी वास. एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं स्वाभाविक आहे, नुकतंच काही झालं असेल. पण सगळ्या मजल्यावर तोच वास असेल, किंवा फिनेलचा इतका उग्र दर्प असेल की दुसरं काही कळूच नये, तर दोन्ही वेळा सावध व्हा.

मग कान. ‘आजी, कूस बदलते हं’ असं सांगून हात लावतात की मालाच्या पोत्यासारखं वळवतात? कुणी हाक मारत असेल तर किती वेळानं कुणी जातं? घड्याळ लावून बघा.

मग बारीक गोष्टी. नखं कापलेली आहेत का, त्यांत मळ आहे का. ओठ कोरडे पडून फुटलेत का, जिभेवर पांढरा थर आहे का. तोंड रोज पुसलं जात नसेल तर ते लपत नाही. पुरुषांची दाढी. चष्मा डोळ्यावर आहे की कपाटात. कवळी आणि कानाचं यंत्र ज्याचं त्यालाच लावलंय का. पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवलाय का. वय वाढलं की तहान कमी जाणवते, म्हणून पाणी विचारून, आठवणीनं पाजावं लागतं. भर दुपारी सगळेच गाढ झोपलेले दिसले, तर झोपेच्या गोळ्या कोणाला, कोणाच्या सांगण्यावरून आणि का दिल्या जातात हे विचारा. कुणाचे हात खाटेला बांधलेले दिसले तर तेही विचारा. ‘नळी ओढतात म्हणून’ हे उत्तर खरं असू शकतं, पण मग किती वेळ बांधतात, डॉक्टरांनी लिहून दिलंय का, घरच्यांना कळवलंय का?

दुसऱ्यांच्या चादरी मात्र उचलून बघू नका. त्यांनाही लाज आणि मान आहे.

५. बेडसोअरबद्दल थेट विचारा

काळजी कशी घेतली जाते हे सगळ्यांत आधी कातडीवर उमटतं. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतही इजा सुरू होऊ शकते. हाच बेडसोअर. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू या जागा धोक्याच्या. म्हणून अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, रात्रीसुद्धा. त्याची नोंद खाटेपाशी असावी. ती वही मागा. दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातानं, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर काय झालंय ते कळतं.

एअर बेड आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. पंप चालू आहे का, गादीत हवा आहे का, वीज गेल्यावर काय करतात, हे बघा. शिवाय एअर बेडवरही कूस बदलावी लागतेच.

इनचार्ज सिस्टरना विचारा, “सध्या कुणाला बेडसोअर आहे का? येताना होता की इथे झाला?” ‘आमच्याकडे कधीच होत नाही’ या उत्तरापेक्षा ‘दोघांना आहे, एकीला इथे झाला, आता असं ड्रेसिंग चाललंय’ हे उत्तर मला जास्त विश्वासाचं वाटतं. आम्ही शेवटी निवडलेल्या जागेत असंच उत्तर मिळालं होतं.

६. जेवण भरवताना उभं राहा

मेनूचा कागद वाचण्यात वेळ घालवू नका. घास कसा देतात ते बघा. पक्षाघातानंतर बऱ्याच जणांना गिळायला त्रास होतो. त्यांना बसवून, पाठीला उशा देऊन, लहान घास, एक गिळल्यावर दुसरा, असं भरवायला हवं. आडवं ठेवून पेज ओतली तर ती श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. नळीतून देत असतील तर खाटेची डोक्याकडची बाजू किमान ३० अंश वर हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच राहायला हवी. मऊ वरणभात, खिमट, नाचणीची पेज, मिक्सरमधून काढलेली भाजी हे सगळं चांगलंच, पण एका मावशीला एका तासात किती जणांना भरवायचंय, यावर बाकी सगळं ठरतं.

वजन दर महिन्याला करतात का? महिन्याभरात शंभरात पाच हिश्श्यांनी वजन घटलं, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं अडीच किलो, तर डॉक्टरांनी कारण शोधायलाच हवं.

७. मावशींशी बोला

मॅनेजर बाजूला असताना नव्हे, एरवी. सगळ्यांत जुन्या मावशी किती वर्षं आहेत? पाळी बारा तासांची की चोवीस? साप्ताहिक सुट्टी मिळते का, पगार वेळेवर होतो का, झोपायला जागा आहे का? जी बाई सलग दोन पाळ्या करतेय तिच्याकडून पहाटे चारला कूस बदलण्याची अपेक्षा धरणं तिच्यावरही अन्याय आहे. दर दोन महिन्यांनी नवे चेहरे असतील तर तुमच्या आईला कोणती कूस दुखते हे कुणालाच ठाऊक नसणार.

८. कागदपत्रं

जिथे सलाइन, ऑक्सिजन, दाखल करून उपचार असं चालतं, तिथे नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. त्यावरची मुदत वाचा. करारात दरमहा रकमेत काय धरलंय आणि काय नाही ते लिहून घ्या: डायपर, औषधं, फिजिओथेरपी, ड्रेसिंग, डॉक्टरांची भेट. डायपर दिवसाला ठरावीकच देणार, असं असेल तर जास्त लागल्यास काय, हेही. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार आणि रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलला, कोण नेणार, हे तोंडी नको.

९. दाखल करण्याच्या दिवशी

सिस्टरच्या समोर डोक्यापासून टाचेपर्यंत कातडी तपासा. डाग, ओरखडा, जखम असेल तर तारखेसह फोटो काढा. वजन करा. औषधांची यादी दोन प्रतींत करून दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या. हे संशय म्हणून केलं असं वाटू देऊ नका. पुढे वाद झाला तर तो कागद त्यांच्याही उपयोगाचा असतो.

१०. पुढचे पंधरा दिवस

वेगवेगळ्या वेळी जा. दर भेटीत पायमोजे काढून टाचा बघा, पाठ बघा. लाल दिसणाऱ्या जागी बोट दाबून सोडा. निरोगी कातडी दाबल्यावर फिकट होते आणि मग पुन्हा लाल होते. दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोअरची सुरुवात समजा आणि त्याच मिनिटाला सिस्टरना दाखवा. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा गडद लागणारी जागा शोधा. लघवीची पिशवी जमिनीवर टेकलेली नसावी आणि खाटेवरही ठेवलेली नसावी. ती खाली पण अधांतरी लटकलेली हवी.

परदेशात असाल तर व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यासोबत टाचाही दाखवायला सांगा. कॅलिफोर्नियातली दुपार म्हणजे इथली मध्यरात्र, त्यामुळे रात्रपाळीला फोन करणं तुम्हालाच सगळ्यांत सोपं आहे. कोण उचलतं, किती वेळानं, हे त्या एका फोनवर कळतं.

काही खटकलं तर आधी इनचार्जशी बोला, मग लेखी द्या आणि पोच घ्या. ऐकलं नाही तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन मार्ग सांगते, आणि पैसे घेऊन दिलेली सेवा असल्यानं ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. पण रुग्णाला धोका दिसत असेल तर निकालाची वाट बघत बसू नका, हलवा. हलवताना औषधांची सध्याची यादी, ड्रेसिंगची नोंद आणि शेवटचा डोस किती वाजता दिला हे लिहून घ्या, नाहीतर इन्सुलिन नव्या जागी पुन्हा दिलं जाईल.