लेखाखाली फोरम जोडताय? या चुका टाळा

ओळखीतल्या एका काकांची गच्चीवरच्या बागेची साइट आहे, वर्डप्रेसवर. प्रत्येक लेखाखाली चर्चा हवी म्हणाले म्हणून मी डिस्कोर्स (फोरम चालवायचं सॉफ्टवेअर) बसवून दिलं. दोन दिवस रंग, फॉन्ट, लोगो जुळवण्यात घालवले आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर कढीपत्त्याच्या एकाच लेखाचे फोरमवर चौदा धागे! एकात तीन उत्तरं, एकात एक, बाकी ओस पडलेले. काकांचा फोन, "अरे मी उत्तर दिलंय पण त्या बाईंना दिसतच नाहीये."

झालं असं की एम्बेड कोडमध्ये (फोरमची चर्चा लेखाखाली दाखवणारा कोडचा तुकडा) मी ब्राउझरमधला पत्ता जसाच्या तसा उचलला होता, आणि फेसबुकवरून येणाऱ्या लिंकला मागे ते एफबीसीएलआयडीचं लांबलचक शेपूट असतं, दर क्लिकला वेगळं. डिस्कोर्सच्या लेखी पत्ता वेगळा म्हणजे लेखच वेगळा, मग काय, काढ नवा धागा. तिथे लेखाचा कॅनॉनिकल, म्हणजे शेपूट नसलेला एकच अधिकृत पत्ता द्या. फुटलेले धागे नंतर एकत्र करता येतात पण ते निस्तरण्यात माझा अख्खा रविवार गेला.

चर्चेची चौकट रिकामीच दिसतेय? आधी डिस्कोर्सच्या एम्बेडिंग सेटिंगमध्ये तुमचं डोमेन आहे का बघा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं दोन्ही. तरी रिकामी असेल तर साइटची रेफरर पॉलिसी तपासा, म्हणजे वाचक कुठल्या पानावरून आला हे दुसऱ्या साइटला सांगायचं की नाही ती सेटिंग. सिक्युरिटीच्या नावाखाली ती नो-रेफरर करून ठेवली असेल तर विनंती कुठल्या साइटवरून आली हे डिस्कोर्सला कळतच नाही आणि ते दार उघडत नाही.

आता लॉगिन. इथली चूक मात्र खरंच महागात पडते. मेन साइटच्याच लॉगिनवर फोरम चालावा म्हणून डिस्कोर्सकनेक्ट लावतात, त्यात तुमच्या साइटने पाठवलेला ईमेल डिस्कोर्स डोळे झाकून खरा धरतं आणि त्या ईमेलचं जुनं खातं असलं तर सरळ त्यालाच जोडून टाकतं. म्हणजे तुमच्या साइटवर ईमेल पडताळणीच नसेल तर कोणीही अ‍ॅडमिनचा ईमेल टाकून नाव नोंदवणार आणि फोरमवर अ‍ॅडमिन होऊन बसणार! पडताळणी नसेल तर लॉगिनच्या माहितीसोबत रिक्वायर-अ‍ॅक्टिव्हेशन ट्रू पाठवा, म्हणजे ईमेलची खात्री डिस्कोर्स स्वतः करून घेतं. एक्स्टर्नल आयडी (तुमच्या साइटवरचा माणूस फोरमला ज्यावरून ओळखू येतो ती खूण) म्हणून पण ईमेल नको, माणसं ईमेल बदलतात, डेटाबेसमधला युजर नंबर द्या. आणि हे चालू केलं की बाकीचे लॉगिन बंद होतात, त्यामुळे सिक्रेट की (साइट आणि फोरम यांच्यातला गुप्त शब्द) दोन्हीकडे तंतोतंत एकच नसेल तर तुम्ही स्वतःच बाहेर. (पेस्ट करताना मागे एक स्पेस राहिली होती, बस.) घाबरू नका, फोरमच्या पत्त्यापुढे स्लॅश यू स्लॅश अ‍ॅडमिन-लॉगिन टाका, अ‍ॅडमिनच्या ईमेलवर आत जायची लिंक येते.

वर्डप्रेसची जुनी कमेंट बॉक्स बंद करा हे सांगायला नको, पण मीच विसरलो होतो, निम्मे लोक वर लिहीत होते निम्मे खाली.

आणि पहिल्याच दिवशी बारा विभाग उघडू नका प्लीज. काकांनी बोन्सायपासून गांडूळखतापर्यंत सगळे उघडले होते, आता दोनच ठेवलेत, आणि गांडूळखताचे प्रश्न त्या खताच्या लेखाखालीच येतात.