तारीख सगळ्यात शेवटी: मराठवाड्यातून पहिला सिनेमा प्रदर्शित करणाऱ्यांसाठी

कथा, कॅमेरा, नटमंडळी यांबद्दल इथे लिहीत नाही. ते तुम्हाला जमलंय, म्हणूनच सिनेमा पुरा झालाय. छोटा सिनेमा अडकतो प्रदर्शनात. लातूर-नांदेडकडच्या बोलीत हसवता हसवता डोळे ओले करणारा सिनेमा असेल तर जास्तच अडकतो. आणि चूक बहुतेक वेळा एकच असते: सेन्सॉरचं प्रमाणपत्र हातात नसताना तारीख सांगून टाकणं.

शुक्रवार जाहीर झाला की पोस्टर छापली जातात, रिक्षांवर लागतात, थिएटरं धरली जातात, वितरकाकडे आगाऊ रक्कम जाते. तारीख पुढे गेली तर यातला रुपयाही परत येत नाही. थिएटरवाला तुमचा आठवडा दुसऱ्याला देतो आणि पुढच्या वेळी तुमचा फोन उशिरा उचलतो. सगळ्यात वाईट म्हणजे प्रेक्षकाला वाटतं, सिनेमा येऊन गेला. पहिल्या तारखेसाठी केलेली जाहिरात दुसऱ्या तारखेच्या आड येते. हे पुन्हा पुन्हा सांगतोय, कारण एडिट संपल्याच्या आनंदात सगळ्यांना तारीखच आधी सुचते.

प्रमाणपत्र कशामुळे लांबतं? आपल्याकडच्या सिनेमात पहिलं कारण जनावर. शेळी, कोंबड्या, गोठ्यातली म्हैस, चावडीवर झोपलेलं कुत्रं, पडद्यावर काहीही दिसलं तरी भारतीय पशु कल्याण मंडळाचं ना हरकत पत्र मागितलं जातं. या मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगढला आहे. चित्रीकरणाआधी अर्ज करायचा: प्रसंग काय, जनावर कुणाचं, पशुवैद्यकाचा दाखला. चित्रीकरणानंतर जनावरांचे प्रसंग वेगळे काढून पाठवायचे, मग पत्र. आधीची परवानगी नंतर मागून मिळेल या भरवशावर राहू नका. नाही मिळाली तर प्रसंग कापणं एवढाच उपाय उरतो, आणि विनोदी सिनेमात तो सगळा विनोदच शेळीवर उभा असतो. माकड आणि अस्वल यांना खेळासाठी वापरायला पूर्वीपासून बंदी आहे. २०११ साली त्या यादीत बैल आला. म्हणून पोळ्याचा किंवा बैलगाडीचा प्रसंग लिहितानाच मंडळाकडून लेखी उत्तर घेऊन ठेवा. 'गावात कोण विचारतंय' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गावात कुणी विचारत नाही, पण मुंबईत प्रमाणपत्राच्या फायलीत विचारतात.

दुसरं कारण वरातीचं. बँडवाले जुनं सिनेमागीत वाजवतात, आपण मागचा आवाज म्हणून ते तसंच ठेवतो. चाल आणि शब्दांचे हक्क गीतकार-संगीतकार गेल्यावरही ६० वर्षं चालतात. बँडकडून स्वतःची चाल वाजवून घ्या. पारंपरिक ओवी किंवा भारूड चालतं, पण एखाद्या कंपनीने काढलेली त्याची ध्वनिमुद्रिका परस्पर उचलू नका.

तंबाखूचं बहुतेकांना आठवतच नाही. बिडी सोडा, तळहातावर चुना-तंबाखू मळण्याचा प्रसंगही तंबाखूचाच धरला जातो. त्या प्रसंगात पडद्याच्या तळाशी इशारा, शिवाय सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांचा आरोग्यसंदेश लागतो. आपल्याकडच्या पारावरच्या प्रसंगातून तंबाखू काढणं कठीण आहे, हे मान्य. मग इशारा एडिटमध्येच बसवा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर होतो आणि सोबत संपूर्ण संवाद व गाणी लिहून द्यावी लागतात. इथे एक साधं काम फार उपयोगी पडतं: बोलीतल्या शब्दांचे अर्थ समासात लिहा. 'काय करलालास' (काय करतोयस) हे परीक्षकाला कळलं नाही तर प्रसंगाचा सूर चुकीचा लागतो, आणि लाडाने दिलेली शिवी नुसती शिवी ठरते. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या, दर्जाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं तर घरच्यांसोबत येणारा प्रेक्षक जातो आणि दूरचित्रवाणीसाठी पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती आहे. त्यापुढचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय. घाबरू नका, बहुतेक कट दोन-चार शब्दांचे असतात. मात्र प्रमाणपत्रानंतर केलेला प्रत्येक बदल सेन्सॉर मंडळाला कळवून नोंदवावा लागतो, म्हणून लांबी आधीच ठरवा.

डीसीपी, म्हणजे थिएटरला जाणारी डिजिटल प्रत, कट झाल्यावरच बनवा. चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेमवर ठेवा. प्रत चालवायला केडीएम नावाची चावी लागते. ती ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक दिवसांसाठीच असते. मॅनेजरने ऐनवेळी पडदा बदलला की जुनी चावी निकामी. गुरुवारी प्रत्येक थिएटरमध्ये दहा मिनिटं तरी चालवून बघा. तालुक्याच्या जुन्या थिएटरात मधला स्पीकर मंद असेल तर संवाद ऐकूच येत नाहीत, आणि संवाद ऐकू आले नाहीत तर विनोद संपला. ही तपासणी परगावच्या माणसावर सोपवू नका.

हिशोब आधी कागदावर मांडा. १५० रुपयांच्या तिकिटातून १८ टक्के जीएसटी गेला की साधारण १२७ उरतात. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात निम्मे तुमचे धरले तर ६३. खेळाला ३० माणसं आली तर १,९०० रुपये, त्यातून वितरकाचं कमिशन आणि प्रत्येक पडद्यासाठी लागणारं डिजिटल शुल्क जायचं. पुढच्या आठवड्यांत वाटा आणखी घटत जातो. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच कर आहे, म्हणून तालुक्यातलं स्वस्त तिकीट कमीपणाचं मानू नका. २०१५ च्या निर्णयाप्रमाणे मल्टिप्लेक्सनी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी सिनेमाला खेळ द्यायचा आहे. पण तो तुमच्याच सिनेमाला मिळेल असं त्यात नाही. चाळीस ठिकाणी सकाळचा खेळ घेण्यापेक्षा आठ ठिकाणी संध्याकाळचा घ्या. 'मुंबईत ओळख आहे, अनुदानही काढून देतो' म्हणत आधी पैसे मागणाऱ्यापेक्षा गावच्या थिएटरचा बुकिंग क्लार्क मोठा गुरू आहे. कोणता खेळ कुणासाठी भरतो हे त्याला पाठ असतं.

आता तारीख. बीडचा ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. सिनेमा त्याच्या घराचा असेल तर डिसेंबरात तो बघणार कोण? लातूर-नांदेडकडे ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, हातात पैसा त्यानंतर येतो. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांचा. म्हणून बीड, धाराशिवसाठी एप्रिलचा शेवट आणि लातूर, नांदेड, परभणीसाठी नोव्हेंबरचा शेवट बरा वाटतो. सगळीकडे एकाच शुक्रवारी लावण्याचा हट्ट नको. आणि प्रमाणपत्र हातात आल्यावरही किमान सहा आठवडे मोकळे ठेवून मगच पोस्टरवर तारीख टाका.