कुत्र्याचा पाय काढायचा ठरला की घरी काय काय करायचं

आधी फरशीचं बघा. ऑपरेशन, केमो, खर्च हे सगळं पुढे सांगतोच, पण आमच्या बंड्याला (लॅब्रेडॉर, वय 8, वजन 34 किलो, त्यातले चारेक किलो आईच्या लाडाचे) हाडाच्या कॅन्सरमुळे मागचा डावा पाय काढून घरी आणला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच तो हॉलमधल्या गुळगुळीत टाइल्सवर असा फतकल मारून आपटला की त्यानंतर दोन दिवस गादीवरून उठायलाच तयार नाही. टाके छान होते, गोळ्या चालू होत्या, सगळं नीट, आणि अडलं फरशीवर.

आता पहिल्यापासून सांगतो.

लंगडतोय म्हणजे मुरगळलंच असेल असं धरून बसू नका

आम्ही बसलो. एका डॉक्टरांनी गुडघा मुरगळलाय म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा लंगडणं, असा दीड महिना गेला. मोठ्या अंगाचं कुत्रं असेल, म्हणजे लॅब, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड वगैरे, आणि दोन आठवड्यांत लंगडणं जात नसेल किंवा हाडावर कडक सूज लागत असेल तर सरळ एक्स-रे मागा. कुत्र्यांत हाडाचा जो कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो तो ऑस्टिओसार्कोमा, आणि त्याच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात: पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्यापाशी, मागच्या पायात गुडघ्याच्या वर-खाली. बंड्याला गुडघ्याच्या खाली होता.

मग सुईने किंवा छोटा तुकडा काढून तपासणी, रक्त, आणि छातीचे तीन बाजूंनी एक्स-रे. तीन बाजू सांगून मागा, कारण हा आजार आधी फुप्फुसात जातो आणि एकाच बाजूने काढलं तर लहान ठिपका सुटू शकतो. बाकीचे तीन पाय आणि खुबे पण तपासून घ्या, उद्या सगळं वजन त्यांच्यावरच येणार आहे.

पुण्यात बसून दुसरं मत हवं असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा रोडवरच आहे, आणि मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रिपोर्टची फाइल आणि एक्स-रेची सीडी बरोबर न्या, नाहीतर सगळं परत काढायला लावतात.

आकडे डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या, मग ठरवा

नुसता पाय काढला तर या कॅन्सरमध्ये कुत्री साधारण 4 ते 5 महिने काढतात, पाय काढून केमो दिली तर 10 ते 12 महिने, आणि पाचातलं एखादं दोन वर्षं गाठतं. हे मधले आकडे आहेत, कुणी याच्या आत जातं कुणी पुढे. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी बहुतेक कुत्र्यांत डोळ्याला न दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी आधीच फिरलेल्या असतात, म्हणून केमो. मग पाय कशाला काढायचा, तर दुखणं थांबवायला. हाड आतून पोखरलं जात असतं, साध्या उडीत मोडू शकतं, आणि ते दुखणं गोळ्यांनी फार दिवस आवरत नाही. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो इंजेक्शन देऊन सोडवा ना बिचाऱ्याला, तीन पायांवर काय जगणं," आणि मला रागच आला, पण खरं सांगायचं तर तो पाय त्याने महिनाभर टेकवलाच नव्हता, तीन पायांवर तो आधीच चालत होता, वर दुखत होतं ते वेगळं.

मात्र कुत्र्याचं वजन खूप असेल किंवा बाकीच्या पायांना जोरदार संधिवात असेल तर डॉक्टर नको म्हणू शकतात, तेव्हा हट्ट करू नका. पुढच्या पायांवर साधारण 60 टक्के वजन असतं, त्यामुळे पुढचा पाय गेलेल्या कुत्र्याला तोल सांभाळायला मागच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

खर्चाचं लेखी मागा, ऑपरेशन वेगळं, केमोचा एक डोस वेगळा, प्रत्येक वेळचं रक्त वेगळं. केमोत देतात ते कार्बोप्लॅटिन हे माणसांचंच औषध आहे, 150 आणि 450 मिलिग्रॅमच्या बाटल्या येतात. डोस अंगाच्या क्षेत्रफळावर काढतात, 30 किलोचं कुत्रं म्हणजे जवळपास 1 चौरस मीटर, त्याला साधारण 300 मिलिग्रॅम, म्हणजे दोन लहान बाटल्या. हे फक्त बिल समजावं म्हणून सांगतोय, डोस डॉक्टरच ठरवणार.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात

पुण्यातल्या बोहरी आळीत जाऊन खाली रबर असलेल्या मॅट घेऊन या. योगा मॅटही चालतात, पायपुसणी आणि सतरंज्या चालत नाहीत, त्या कुत्र्यासकट घसरतात. पूर्ण घर झाकायची गरज नाही, रस्ता करायचा: गादीपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून दारापर्यंत. आणि सगळ्यात पहिली मॅट खाण्याच्या भांड्याखाली. आम्ही तिथेच टाकली नव्हती. मान खाली घातली की मागचा एकटा पाय हळूहळू बाजूला सरकतो, हे आम्हाला तो जेवणच सोडून बसल्यावर कळलं, तोवर आम्ही भूक गेली म्हणून काळजी करत होतो. भांडं छातीच्या उंचीला स्टुलावर ठेवा, खाली मॅट.

पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, नखं कापा. जिना असेल तर तळाशी आणि वर आडवी फळी लावा. आमची बिल्डिंग जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही, मग जाड चादरीची झोळी करून दोघांनी उचलायची प्रॅक्टिस आम्ही आधीच करून ठेवली, बंड्याला वाटलं खेळच आहे.

तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा दाराशी ढोलपथक वाजत असताना ताजे टाके घेऊन दचकणारं कुत्रं सांभाळायचं म्हणजे हाल आहेत.

आणि गोचीड. गोचीड तापाची रक्ततपासणी आधी करून घ्याच, आपल्याकडे पावसाळ्यात तर फारच लागतो. त्या तापात प्लेटलेट पडतात, केमोतही पडतात, दोन्ही एकत्र आलं तर खरंच जिवावर बेततं.

पहिले दहा-बारा दिवस

हे दिवस वाईट असतात, त्याच्यापेक्षा तुमच्यासाठी. जखमेभोवती जांभळं-काळं पडतं आणि ते पोटाकडे उतरतं, बघून पोटात गोळा येतो पण बहुतेक वेळा आपोआप जातं. कधी टाक्यांखाली पाण्याची मऊ पिशवी होते, ती दाबायची किंवा सुईने फोडायची नाही, फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. पू, वास, गरम लाल सूज किंवा टाके उघडले तर फोटो न पाठवता थेट जा.

रात्री कण्हणं, भुंकणं, नजर हरवल्यासारखी, हे भुलीचं आणि जोरदार पेनकिलरचं असू शकतं. शी तीन-चार दिवस होत नाही, चालतं. लघवी मात्र दिवसभरात झालीच पाहिजे. बंड्याने आयुष्यभर खांबावर पाय वर केला, आता उजवा वर करायला गेला की खाली काहीच नाही, धपकन बसायचा. तिसऱ्या दिवशी त्याने पिल्लासारखं नुसतं पुढे वाकून करायचं ठरवलं. तोपर्यंत पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग नुसता तोलून धरा, उचलून धरलंत तर ते पायावर वजन टाकायला शिकणारच नाही. पुढचा पाय गेला असेल तर टॉवेल छातीखालून, किंवा मूठ असलेला हार्नेस घ्या.

गळ्यातला कोन (टाके चाटू नयेत म्हणून घालतात तो) काढू नका. आईने "जेवताना तरी काढा रे" म्हणून काढला, मी फोन घ्यायला आत गेलो, परत येईपर्यंत दोन टाके गायब. 10 ते 14 दिवसांनी टाके काढतात, तोवर कोन राहणार म्हणजे राहणार.

घरातल्या गोळ्या देऊ नका, क्रोसिन नाही, कॉम्बिफ्लाम तर मुळीच नाही, आयबुप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि किडनी जाते. डॉक्टरांनी दिलेल्या मेलॉक्सिकॅमसारख्या दुखण्याच्या गोळीबरोबर स्टिरॉइडही देऊ नका. गॅबापेंटिन (हेही दुखण्याचंच औषध) सिरप माणसांच्या मेडिकलमधून आणत असाल तर त्यात झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) नाही ना ते लेबलवर वाचा, ते कुत्र्याला विष आहे.

फ्रिजवर एक वही टांगा. वेळ, गोळी, कुणी दिली, सही. हसू नका, आमच्याकडे सकाळी मी दिलेली गॅबापेंटिन बायकोनेही दिली आणि हा दुपारपर्यंत दारुड्यासारखा डुलत होता. त्याच वहीत किती खाल्लं, किती वेळा उठला, कधी किंचाळला तेही लिहा. नसलेल्या पायातही दुखू शकतं, झोपेतून एकदम ओरडून मागे वळून तिथे बघतात. आमच्या वहीत ते चार दिवस ओळीने रात्रीच दिसलं, डॉक्टरांनी वही बघून रात्रीची मात्रा बदलली.

केमोचे दिवस

टाके सुकले की साधारण दोन-तीन आठवड्यांनी सुरू, दर तीन आठवड्यांनी एक सलाईन, बहुतेक 4 ते 6 वेळा. प्रत्येक वेळी आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, पेशी कमी असतील तर पुढे ढकलतात, त्याचं टेन्शन घेऊ नका. आपल्या डोक्यात माणसांची केमो असते, कुत्र्यांना त्या मानाने हलकी जाते कारण डोसच तसा ठेवतात. केसही बहुतेकांचे जात नाहीत, पूडल, शिह त्झू अशा सतत केस वाढणाऱ्यांचे जातात. बंड्याच्या फक्त मिशा गेल्या.

दोन ते पाच दिवसांत उलटी, जुलाब होऊ शकतात, उलटी थांबवायची गोळी आधीच घरात आणून ठेवा, नाहीतर रविवारी रात्री शोधत फिरायला लागतं. पुढे कार्बोप्लॅटिननंतर दहा ते चौदा दिवसांच्या आसपास पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत थर्मामीटरला व्हॅसलिन लावून शेपटीखालून ताप बघा. 101 ते 102.5 फॅरनहाइट नॉर्मल, 103 च्या वर गेला किंवा कुत्रं मलूल असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच डॉक्टरांना फोन. हिरड्यांवर किंवा पोटावर लाल बारीक ठिपके दिसले तरी तसंच.

केमोनंतर निदान तीन दिवस शी, लघवी, उलटी हातमोजे घालूनच उचला. गरोदर बाई, लहान मुलं लांब. लघवी केली तिथे भरपूर पाणी ओता. पिशवी दोनदा बांधा, कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा आणि कचरा नेणाऱ्या ताईंना तोंडाने पण सांगा, त्या बिचाऱ्या हाताने वेगळं करतात.

खायला कच्चं मटण-चिकन या काळात बंद, पेशी खाली असताना त्यातले जंतू महागात पडतात. उकडलेलं चिकन, भात, लाल भोपळा, चालत असेल तर थोडं दही. कांदा-लसूण नाही. आणि प्रसाद सांभाळा, सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा कुत्र्याच्या किडनीला घातक असतो, हे आमच्या सगळ्या बिल्डिंगला एकेकदा सांगावं लागलं. वजन वाढू देऊ नका, बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. आईच्या लाडाचे ते चार किलो आम्ही तीन महिन्यांत उतरवले, आई अजून बोलून दाखवते.

बाहेर नेताना

पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. एकदम तळजाई टेकडीला घेऊन गेलात तर जाताना पळेल आणि येताना तुम्हाला उचलून आणावं लागेल. तीन पायांचं कुत्रं पळतं छान, हळू चालणंच त्याला जड जातं, म्हणून वेग तुम्ही आवरायचा. गल्लीतली कुत्री लंगडणाऱ्यावर धावून येतात, आमच्या कोपऱ्यावरच्या टोळीने पहिल्याच दिवशी घेरलं, पूर्वी हेच याचे मित्र. मग पहाटे साडेपाचला, हातात काठी. एप्रिल-मेमध्ये डांबर तापतं, हाताची पाठ रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली तरच न्या.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मागचा डावा पाय गेला की डावा कान खाजवायला काहीच उरत नाही. बंड्या बसल्या बसल्या मान वाकडी करायचा आणि मांडीचा उरलेला तुकडा भराभर हलवायचा, हवेतच. कान तसाच. तेवढं दिसलं की उठून जायचं आणि खाजवायचं, आणि त्या कानात मळ साठत नाही ना तेही बघायचं.

केमो संपल्यावर

दर दोन-तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे. खोकला, धाप, दुसऱ्या पायाने लंगडणं, जेवण सोडणं यातलं काही आलं तर तारखेची वाट बघू नका. थांबायचं कधी हे चांगल्या दिवसांत ठरवून वहीत लिहा, आम्ही लिहिलं होतं: जेवण नको, बॉल नको, दाराची बेल वाजली तरी मान वर नाही, यातल्या दोन गोष्टी सलग तीन दिवस. नंतर डोकं चालत नाही, वही लागते.

बंड्या ऑपरेशननंतर 13 महिने होता. मॅट धुऊन, दोरीने बांधून माळ्यावर टाकल्या होत्या, गेल्या महिन्यात पलीकडच्या सोसायटीतल्या एक ताई न्यायला आल्या, त्यांच्या रॉटवायलरचा पुढचा पाय काढायचाय. मी विचारलं भांडं कुठे ठेवता, म्हणाल्या किचनच्या दारात. म्हटलं, पहिली तिथेच टाका.